निरोपातून गळलेला अर्धा इंच

६ डिसेंबर १९८३, मंगळवार

आज एकोणीस निरोप. दुपारच्या चहापर्यंत अकरा, नंतर आठ.

कामता मास्टरांच्या कापायच्या टेबलापासून हल्केभाईंच्या मशीनपर्यंत आज टेपने मोजलं. अकरा फूट चार इंच. मास्टर कापतात, हल्केभाई आणि त्यांच्या हाताखालचे तीन कारीगर शिवतात, आणि तीन वर्षं ही दोन माणसं एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत. जे बोलायचं ते मला. मशीनं चालू असली की एवढ्या अंतरावरून काही ऐकू जात नाही, आणि दोघेही माझ्या कानाशी हळूच बोलतात. मी उठायचं, जायचं, सांगायचं, उत्तर घेऊन परत यायचं. मध्ये मापं लिहायची.

माझ्या आधीच्या मुंशीजींनी हेच केलं. जाताना मला म्हणाले होते, "बेटा, माप तो कोई भी लिख लेगा. यहाँ असली नौकरी दूसरी है." तेव्हा कळलं नव्हतं.

यापुढे का.मा. आणि ह.भा. एवढंच लिहीन. वही लहान आहे.

७ डिसें.

का.मा. मला: "ऊ आंधरे सें कै दो, कॉलर देखे. कुत्ते के कान जैसी लटक रही है."

मी ह.भा.ना: "मास्टरजी कह रहे हैं, कॉलर एक बार देख लीजिए."

ह.भा. मला: "कै दो, पैले अपनी कैंची की धार देखें, फिर हमाई कॉलर."

मी का.मा.ना: "देख रहे हैं."

आठ महिने झाले, एकही शिवी पोचू दिलेली नाही. दोघं जे बोलतात ते मात्र इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणालं की मी असं बोललोच नव्हतो, तर? वही घरीच असते. आईने शिकवलेलं मराठी या वहीपुरतं उपयोगाला येतं. दुकानात मराठी कळणारा मी एकटाच.

९ डिसें.

बबीन्याच्या छावणीतल्या एका लष्करी युनिटची मोठी ऑर्डर. छत्तीस गरम कोट. युनिट तीस तारखेला इथून हलणार, म्हणून अठ्ठावीसला सगळे तयार हवेत. मालक साहनीजींनी गल्ल्यावरून उठून सगळ्यांना सांगितलं. मग मला बाजूला घेऊन: "ये दो बैल तेरे जिम्मे. ठीक से निकल गया तो जनवरी से तू पक्का."

पक्का. इंटरला दोनदा नापास होऊन चौदा महिने घरी बसलो होतो. खंडेराव गेटपाशी कोणी ओळखीचं दिसलं की दुसऱ्या गल्लीने जायचो. हा शब्द आईला अजून सांगितला नाही. झाल्यावर सांगेन.

१० डिसें.

ह.भा. (दुकानात सगळ्यांसाठी मी पंडत) स्वतःहून म्हणाले, "काए पंडत, मास्टर आजकल कछू नरम पड़ गए?"

मी म्हणालो, उमर हो रही है.

ते हसले नाहीत. "पैले ऐसे नईं बोलत ते. देख लीजिए, कर दीजिए..." आणि सुईत दोरा ओवत बसले. चेहरा बरा वाटला.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे लोकांचं बोलणं धुऊन वाळत घालायचं काम करतोस तू. धोबीच झालास की." मला वाईट वाटलं नाही. उलट.

१३ डिसें., मंगळवार

युनिटचं कापड आलं. नवीन जातीचं, जाड. का.मा.नी एक तुकडा भिजवून, इस्त्री करून पाहिला. मग मला बोलावून हळू आवाजात: "ऊ गधा सें कै दो, जौ कपड़ा पानी पी कें सिकुड़त है. हमने पीठ आधा इंच बढ़ा कें काटी है. अपनी अकल लगाई और दाबी, तो हाथ तोड़ दैहों."

मी ह.भा.ना: "मास्टरजी कह रहे हैं, नया कपड़ा है, जरा सँभाल के."

ह.भा.: "हओ."

आज एकूण तेवीस निरोप. पाय दुखले.

१७ डिसें.

अठरा कोट शिवून झाले. ह.भा. मशीनवर गुणगुणतात. असं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

२१ डिसें., बुधवार

दुपारी साडेबारा. युनिटचे सुभेदारसाहेब तीन कोट घेऊन आले. नमुन्याला नेलेले. एक स्वतः घालून दाखवला, हात पुढे केले, पाठीत कापड ताठ झालं, बटण ओढलं गेलं. "साहनीजी, इसमें जवान साँस लेगा कि नहीं लेगा?"

साहनीजींनी तयार झालेले सगळे कोट टेबलावर पसरायला लावले. मशीनं बंद. माप वाचायचं काम माझं. ओली इस्त्री झाल्यावर एकूण एक कोट पाठीत अर्धा इंच कमी. छत्तीसच्या छत्तीस. माझा आवाज बाराव्या-तेराव्या कोटानंतर बसायला लागला.

का.मा. माझ्याकडे बघून ओरडले (आज सगळ्यांना ऐकू गेलं): "कै दो इनसें, हमने आधा इंच बढ़ा कें काटी ती!"

ह.भा. माझ्याकडे बघून: "बढ़ी ती, तबई तो दाबी! मास्टर सें गलती हो गई, हमने सोची, चुपचाप सुधार दो, काए खों बदनामी. हमने तो उनकी इज्जत रखी!"

सुभेदार गेल्यावर साहनीजी मला म्हणाले, "शनिवार तक नाम चाहिए. काटने वाला या सीने वाला. एक जाएगा. सब बातें तेरे हाथ से जाती हैं, तुझे मालूम है."

हो म्हणालो. हो का म्हणालो?

घरी. १३ तारखेची नोंद तीन वेळा वाचली. का.मा.नी सांगितलेलं सगळं आहे. भिजल्यावर आखडणं, अर्धा इंच, दाबू नको म्हणजे शिवणीत आत घेऊ नको. आणि खाली मी काय सांगितलं तेही माझ्याच अक्षरात. गाढव काढलं, हात तोडणं काढलं, त्याबरोबर अर्धा इंचही काढला. निरोप सभ्य झाला आणि रिकामा झाला.

आणि ह.भा.नी ती पाठ दाबली ती रागाने नाही. आठ महिने माझं "लीजिए, दीजिए" ऐकून त्यांना वाटलं की मास्टर बदलले, म्हणून मास्टरांची चूक झाकली. मास्टर जुनेच आहेत असं वाटलं असतं तर ह.भा.नी पहिलाच कोट त्यांच्या टेबलावर आपटला असता आणि अर्ध्या इंचाचं त्याच दिवशी कळलं असतं.

नाव शनिवारी सांगायचं आहे. नाव आजच माहीत आहे.

२२ डिसें.

का.मा.नी मला बाहेर चहा पाजला. पहिल्यांदाच. "पंडतजी" म्हणाले, तेही पहिल्यांदाच. "तुमने तो पोंचाई ती ना हमाई बात? बस, साहनी सें इत्तो कै दियो." मी चहाकडे बघत राहिलो. मग विचारलं, तुमचं भांडण कशावरून? म्हणाले, मोठ्या मुलाचं लग्न होतं गरौठ्याला, सगळं दुकान आलं, हल्के नाही आला. "बीस बरस साथ बैठे. एक पंगत में न आ सको?" डोळे भरले होते की चहाची वाफ, सांगता येत नाही.

संध्याकाळी ह.भा.नी गजकची, तिळाच्या चिक्कीची, पुडी दिली. "तैं गवाह है, पंडत. तैंने का कई ती हमसें? सँभाल के. दाबियो मत, ऐसी तो नईं कई ती?" मी म्हणालो, नाही. ते खरंच होतं. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, लग्नाच्या आधी दोन महिने एका गिऱ्हाइकासमोर मास्टरांनी मी शिवलेली बाही टरटर उसवली. "अकेले में गाली देते, सौ देते. ग्राहक के सामने?" म्हणून लग्नाला गेलो नाही.

म्हणजे का.मा.ना बाही आठवतच नाही. त्यांच्यासाठी भांडण लग्नापासून सुरू होतं. ह.भा.साठी लग्नाआधीच सुरू झालेलं. दोघं तीन वर्षं दोन वेगळी भांडणं भांडतायत आणि मध्ये ये-जा करणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, कधी विचारावंसं वाटलं नाही. मी शब्द गुळगुळीत करण्यात खूश होतो.

गजक खाल्ली नाही. आईला दिली.

२३ डिसें.

आईला सगळं सांगितलं. "पक्का" हा शब्दही सांगावा लागला. तिने परात बाजूला सारली. मग, "गप्प राहा. दोघं आपलं आपण बघून घेतील. हल्क्याला तू माप सांगितलंच नाहीस हे कोणाला कळणार? वही काय दुकानात आहे?"

मी म्हणालो, आई, एकाची नोकरी जाईल.

"आणि तुझी?"

ती चुकीचं बोलत नाही. ती घाबरली आहे. मीपण. सकाळपासून डाव्या हाताची नखं संपली.

पण ह.भा.चं नाव घेतलं तर जानेवारीपासून त्याच स्टुलावर पक्का होऊन बसायचं आणि नव्या कारीगराला "मास्टरजी कह रहे हैं" म्हणायचं. ते जमणार नाही. आत्ता जमणार नाही हे आज लिहून ठेवतो, म्हणजे उद्या सकाळी मागे फिरता येणार नाही.

वही उद्या बरोबर न्यायची. पिशवीत काढून ठेवली आहे.

२४ डिसें., शनिवार

सांगितलं.

नीट लिहितो. अकरा वाजता साहनीजी म्हणाले, "हाँ भाई, बोल." मी म्हणालो, मशीनं बंद करायला सांगा, सगळ्यांसमोर बोलायचं आहे. त्यांना आवडलं नाही, पण केलं. मी वही उघडली. वही टेबलाला टेकवली. मराठी मी हिंदीत सांगत गेलो, त्या दोघांचे शब्द मात्र जसेच्या तसे वाचले. आधी १३ तारीख. का.मा. काय बोलले. मग मी काय सांगितलं. गाढव, हात तोडीन, सगळं. "आधा इंच मेरे पास रह गया," म्हणालो. "गलती न काटने वाले की, न सीने वाले की. नाम मेरा लिखिए."

मग वाटलं, एवढ्यावर थांबलो तर अर्धंच. ७ तारीख वाचली. कुत्र्याच्या कानाशी आल्यावर कारीगर हसले, एक तर मशीनवर डोकं टेकवून. आणखी चार-पाच वाचल्या. ह.भा.चेही. कात्रीची धार वगैरे. का.मा.च्या मिशा हलत होत्या.

ह.भा. उभे राहिले. माझ्याशीच बोलले, पण वेगळ्या आवाजात: "तो वो 'देख लीजिए'... मास्टर ने नईं कई ती? एकऊ बार नईं?"

मी नाही म्हणालो.

का.मा. छताकडे बघत म्हणाले, "हमने जिंदगी में काऊ सें 'लीजिए' कई है?"

पुन्हा हसू. पण ह.भा. हसले नाहीत. बसले, आणि मशीनवर हात ठेवून नुसतेच बसून राहिले. त्यांचं काय गेलं ते मला कळलं. शिव्यांचं दुःख नव्हतं. आठ महिने त्यांना वाटत होतं की कोणीतरी त्यांच्याशी नीट बोलतंय.

साहनीजींना मी आणखी एक सांगितलं. आजपासून माप लिहीन, चिठ्ठी लिहीन, झाडूही मारीन. निरोप नेणार नाही.

"शर्त रखेगा तू? तू?"

मी म्हणालो, अट नाही, मला ते काम येत नाही असं सिद्ध झालंय.

"कोट निपट जाएँ. फिर तेरा देखता हूँ."

२५ डिसें.

सकाळी हिशोब बसवला. सत्तावीस कोटांत आत कापड शिल्लक आहे; अस्तर उसवून पाठ मोकळी करता येईल. नऊ कोट, सर्वांत आधी शिवलेले, त्यांत ह.भा.नी सफाईसाठी आतलं जादा कापड कापून टाकलंय. त्या नऊंना बाहेरून कापड जोडल्याशिवाय इलाज नाही. कुठे जोडायचं, किती, हे कापणाऱ्याने आणि शिवणाऱ्याने मिळून ठरवायचं.

दहा वाजून पाच मिनिटांनी का.मा. म्हणाले, "पंडत, कै दो इनसें..."

मी उठलो नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. असं वाटत होतं की पाय आपोआप उठतील.

"सुनाई नईं देत?"

"सुन लिया, मास्टरजी. वे भी यहीं हैं."

दिवसभर त्या नऊ कोटांना कोणी हात लावला नाही. बाकीचं काम चाललं. साहनीजी दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेले. एक कारीगर कुजबुजला, "पंडत, काए जिद पकड़ें हो, बोल दो, का जात है?" जातं. काय जातं ते आता मला माहीत आहे.

दिवसअखेर सत्तावीसपैकी अकरा मोकळे. नऊ जिथल्या तिथे.

२६ डिसें.

सोमवार, बाजार बंद, आम्ही अर्धं शटर ठेवून आत. नऊ कोट जिथल्या तिथे. सत्तावीस पूर्ण झाले.

आईने विचारलं, डबा तसाच का आणलास.

समजा दोघं बोललेच नाहीत तर नऊ कोट जातील, आणि ते माझ्या हट्टाने जातील. आधीची चूक न बोलण्याची, ही न उठण्याची. दोन्ही माझ्याच खात्यावर. तरी उठणार नाही. उठलो तर पुन्हा तेच.

२७ डिसें., मंगळवार

ह.भा. उठले.

सव्वाअकरा. नऊपैकी एक कोट उचलला, चालत गेले आणि का.मा.च्या टेबलावर टाकला, खडूवर, पट्टीवर. थेट त्यांच्या तोंडाकडे बघून: "काए मास्टर, पट्टी कितै डारोगे? माथे पै?"

मशीनं एकेक करून थांबली. कोणी थांबवायला सांगितलं नव्हतं.

का.मा.नी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मापाच्या वहीत पाहिलं. कोरं पान होतं.

मग का.मा.: "बगल में, आंधरे. बगल में. हाथ नीचे रहे तो दिखहै नईं."

"और जवान सलाम करहै, तब?"

का.मा.नी कात्री उचलली, ठेवली. मग म्हणाले, "सामने वालो भी सलाम कर रओ हुइए. कौन देखत?"

हसण्याचा आवाज आधी साहनीजींचा आला, गल्ल्याकडून. ह.भा. हसले नाहीत, पण कोट उलटा करून बगल पसरली. "सीधी पट्टी नईं चलहै. खिंचहै. आड़ी काटो."

"तुम हमें काटबो सिखाओगे?"

"बाही उसेड़बो तो आत है तुमें. काटबो आत होय तो काटो."

का.मा. एकदम थांबले. "कौन सी बाही?"

ह.भा.नी सांगितलं. सगळं. गिऱ्हाइकाचं नाव, कोटाचा रंग, कोण कुठे उभं होतं. का.मा. ऐकत राहिले. माफी नाही, नाकारणं नाही. मग, "और ब्याओ में नईं आए."

"नईं आए."

"हूँ."

आणि आडवी पट्टी कापायला घेतली. मी काहीच केलं नाही. आज निरोप शून्य.

२८ डिसें.

पट्टी आडवी की तिरकी, अस्तर बरोबर घ्यायचं की वेगळं, यावर सकाळपासून आरडाओरडा. गिऱ्हाइकं दारातून आत डोकावून जात होती. का.मा.नी ह.भा.ना आज जे जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्याला पोचायचं त्याला पोचलं. ह.भा.नी परत दिलं, दीडपट. सहा कोट झाले. मापं मी घेतली, बरोबर. तीन बाकी. सुभेदारसाहेबांना निरोप गेलाय की संध्याकाळऐवजी उद्या दुपारी या. ते हो म्हणाले की नाही, अजून कळलं नाही.

चारच्या सुमारास आवाज फारच चढला. साहनीजी गल्ल्यावरून: "ओ पंडत! जा, चुप करा इन दोनों को."

मी बसूनच म्हणालो, "नहीं, साहनीजी. करने दीजिए."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे बघत राहिले. पलीकडे का.मा. आणि ह.भा. एकाच कोटाची एकेक बाही धरून ओढत होते, दोघांनाही आमच्याकडे बघायला वेळ नव्हता.

"कल दुकान खुलने से पहले आना," साहनीजी म्हणाले. "अकेले."

पक्का करायला की काढून टाकायला, ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. साडेआठला पोचायचं म्हणजे घरून आठला निघायचं. सदरा इस्त्री करून ठेवलाय.